दुसऱ्याच्या गळ्यातून की स्वतःच्या? गीतकारापुढच्या वाटा, शेजारी शेजारी ठेवून

मालिकेचं शीर्षकगीत तुमचं, सिनेमातली दोन गाणी तुमची, आणि गायकाला चाल कळावी म्हणून केलेल्या ट्रायलमधला आवाजही तुमचाच. मग कुणीतरी म्हणतं, "ट्रायलच बरी वाटतेय की, तूच का गात नाहीस?" शब्द आणि चाल दोन्ही करणाऱ्या, चार पैसे मिळायला लागलेल्या आणि आता स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मिश्र बाजाची गाणी काढावीत का या विचारात असलेल्या पुण्यातल्या माणसासाठी हा आढावा आहे.

बहुतेक जण इथे आपला गळा तपासत बसतात. गळ्याचं उत्तर दोन-तीन महिन्यांच्या रियाजात मिळतं. तयार झालेलं गाणं कोणाच्या मालकीचं राहणार, हे मात्र सही केल्यावर बदलत नाही. म्हणून खालची सगळी तुलना मालकीपासून सुरू होते आणि आवाज, बाज, रंगमंच हे तिच्या मागोमाग येतात.

दोन परदेशी उदाहरणं, कारण ती नेमकी उलटी आहेत

केंटकीचा ख्रिस स्टेपलटन २००१ मध्ये नॅशव्हिलला, अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या केंद्रात, गेला आणि अनेक वर्षं जॉर्ज स्ट्रेट, केनी चेस्नी, ल्यूक ब्रायन अशांसाठी लिहीत राहिला. २०१३ मध्ये कंपनीने त्याचं पहिलं एकल गाणं काढलं, ते चाललं नाही. २०१५ मध्ये त्याच कंपनीतून अल्बम आला. कंट्रीच्या अंगावर सोल आणि ब्लूजचा गळा, मोजके वादक, एका जुन्या मोठ्या खोलीत एकत्र वाजवलेलं. त्या नोव्हेंबरमध्ये कंट्री संगीताच्या मोठ्या सोहळ्यात त्याला ३ पुरस्कार मिळाले आणि त्यानंतर अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

लंडनची 'रे' हिने २०१४ मध्ये ४ अल्बमांचा करार केला. ती बियॉन्सेसारख्यांसाठी लिहीत होती, नाचगाण्यांवर गात होती, पण २०२१ उजाडलं तरी तिचा स्वतःचा एकही पूर्ण अल्बम आला नव्हता. ते तिने जाहीरपणे मांडलं, कंपनी सुटली, आणि जॅझ, सोल, हिपहॉप असं सगळं एकत्र असलेली गाणी तिने स्वतंत्रपणे काढली. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिला क्रमांक, फेब्रुवारीत अल्बम, आणि २०२४ च्या ब्रिट पुरस्कारांत एका रात्रीत ६ पुरस्कार. त्यातला एक गीतकार म्हणून होता.

यावरून कंपनी वाईट की चांगली हे ठरत नाही. एकाला पडल्यावर दुसरी संधी मिळाली, दुसरीला सात वर्षांत पहिलीच मिळाली नाही. ती संधी कधी द्यायची, हे ठरवायचा हक्क दोन्ही ठिकाणी कलाकाराकडे नव्हता. पुण्यात बसून करार वाचताना शोधायचं ते हेच.

आधी जुनी वही: काय तुमचं आहे आणि काय गेलं

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल, आणि ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. दुसऱ्यांसाठी केलेल्या कामात मास्टर जवळजवळ नेहमी निर्मात्याचा किंवा संगीत कंपनीचा असतो. शब्द आणि चालही सहसा करारात लिहून दिलेले असतात. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने एक गोष्ट गीतकार-संगीतकाराच्या हातून काढून घेण्यावर बंदी आणली: रॉयल्टीतला समान वाटा. सिनेमागृहात सिनेमासोबत वाजतं तेवढं सोडून बाकी वापराची ही रॉयल्टी लिहून देता येत नाही, दिली तरी ते टिकत नाही. 'एकरकमी घेतले, विषय संपला' असं समजून बसलेले गीतकार आजही भेटतात.

ती वसूल करायची तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, शब्दांचा किती टक्के, चालीचा किती, हे सहकाऱ्यांशी आधी ठरवून. सर्वांत जास्त पैसे अडकतात ते इथेच: संगीतकाराने एक विभागणी नोंदवलेली असते, गीतकाराने दुसरी. स्वतः गायला लागलात की आणखी एक खातं उघडतं. सादरकर्ता म्हणून गायक-वादकांच्या रॉयल्टीसाठी इसामरा ही वेगळी संस्था आहे.

आता तुमचं गाजलेलं गाणं तुम्हालाच गायचं असेल तर? कॅरोल किंगने १९७१ च्या अल्बममध्ये, पूर्वी दुसऱ्यांसाठी लिहिलेली गाणी स्वतःच्या आवाजात घेतली आणि तो अल्बम अमेरिकेत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. तिकडे एकदा प्रकाशित झालेलं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायला सक्तीचा परवाना मिळतो. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-क (31C) नुसार, पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यापासून ५ कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं. मार्च २०२३ चं गाणं असेल तर १ जानेवारी २०२९. शिवाय दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ. ही तरतूद कॅसेट-सीडीचा विचार करून केलेली असल्यामुळे ऑनलाइन प्रकाशनासाठी तिच्यावर विसंबू नका. कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, आणि ती मिळेपर्यंत ते गाणं फक्त कार्यक्रमात गा.

म्हणून आजपासून दोन वह्या. मागणीनुसार लिहिलेलं एका वहीत. कुणी न मागता सुचलेलं दुसऱ्या वहीत, आणि ते कुणालाही ऐकवायला पाठवायचं नाही. "सध्या एखादी चाल पडून आहे का?" असा फोन आला की दुसरी वही उघडायचा मोह होतो. तो टाळता आला नाही तर पुढचं वाचण्यात फारसा अर्थ नाही.

तीन वाटा

पहिली जोडवाट: दुसऱ्यांसाठी लिहीत राहायचं, वर्षाला स्वतःची तीन-चार गाणी काढायची. दुसरी, कंपनीशी करार. तिसरी, स्वतःच निर्माता.

पैशाच्या बाबतीत जोडवाट सगळ्यांत सुरक्षित आणि वेळेच्या बाबतीत सगळ्यांत फसवी. मालिकेचं काम 'उद्या सकाळी हवंय' या भाषेत येतं. स्वतःच्या गाण्याला तारीख नसते, म्हणून तेच मागे पडतं. ही वाट घेतलीत तर महिन्यातले सलग चार-पाच दिवस आधीच कापून ठेवा. रोजचा एक तास ठेवून गाणं लिहून होतं, पण त्याचं ध्वनिमुद्रण होत नाही.

कंपनीकडे जाताना आगाऊ रकमेचं गणित आधी कागदावर करा. समजा १ लाख आगाऊ आणि तुमचा वाटा २० टक्के. कंपनी ती रक्कम तुमच्या वाट्यातून वळती करणार, म्हणजे गाण्याने ५ लाख कमावल्यावर तुमचा पुढचा पहिला रुपया सुरू होतो. व्हिडिओचा खर्चही त्यातच धरला असेल तर तो रुपया आणखी लांब. करारातलं 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' हे वाक्य सवयीने छापलेलं असतं. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्या छापील वाक्याने हे दोन्ही फायदे जातात. ते खोडता आलं नाही, तर निदान या तीन गोष्टी मागा: ठरावीक महिन्यांत गाणं प्रकाशित झालं नाही तर हक्क परत, ठरावीक वर्षांनी मास्टर परत, आणि 'पुढचे अमुक अल्बम आम्हालाच' हे कलम एका अल्बमवर आणणं. तिसरी मागणी फेटाळली गेली तर उठून या. रेचा करार इथेच अडला होता.

कंपनी कधी घ्यावी? तुमचा बाज तिच्या चालू यादीत आधीच बसत असेल तेव्हा. बाज मिश्र असेल तर कंपनीतला माणूस पहिल्या बैठकीतच विचारतो, "हे लग्नात वाजेल का?" प्रश्न गैर नाही, तो त्याचा धंदा आहे. पण दर गाण्याला त्याच प्रश्नातून जायची तयारी नसेल तर तिसरी वाट.

तिसऱ्या वाटेवर मास्टर तुमचा आणि चुकाही तुमच्या. पैशापेक्षा कामाचा अंदाज इथे जास्त चुकतो. एका मध्यम आकाराच्या गाण्याला, म्हणजे ढोलकी, बास, गिटार, हार्मोनियम, गळा आणि कोरस एवढं धरलं, तर तालवाद्यांना अर्धी शिफ्ट (स्टुडिओ भाड्याने मिळतो तो ठरावीक तासांचा तुकडा), गळ्याला एक पूर्ण, बाकी वाद्यांना मिळून एक, आणि मिक्सला दोन दिवस असा हिशेब ठेवा. पहिल्या गाण्याला याच्या दीडपट लागतं, कारण अरेंजमेंट स्टुडिओत बसून बदलली जाते आणि घड्याळ चालू असतं.

पैसे वाचवायचे तर गळा घरी घ्या, तालवाद्यं स्टुडिओत. उलटं केलं की फसतं. ढोलकीच्या धुमाला खोली लागते, गळ्याला शांतता पुरते. पेठेतल्या फ्लॅटमध्ये ती रात्री अकरानंतर मिळते. कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे पाठ करून उभं राहा, मागे आणि बाजूला गोधड्या टांगा, माइकपासून वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (प-फ चे फुत्कार अडवणारी जाळी), आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खोली घुमत असेल तर महागड्या, बारीक आवाजही पकडणाऱ्या कंडेन्सर माइकपेक्षा साधा डायनॅमिक माइक बरा. कंडेन्सर शेजारच्यांची कुकरची शिट्टीही प्रामाणिकपणे टिपतो.

गळा: तुमची पट्टी गायकाची नव्हती

दुसऱ्यांसाठी चाल करताना गायकाच्या पल्ल्याची सवय लागते. गायिकेसाठी काळी चारमध्ये बांधलेली चाल तुम्ही काळी एकमध्ये आणली की मुखडा जमतो आणि अंतऱ्याचा तार सप्तकातला भाग एक तर ओरडून गावा लागतो किंवा खाली उतरवल्यावर मुखडा घशात बसतो. तीन सलग दिवस, वेगवेगळ्या वेळी, अंतऱ्याची सर्वांत वरची ओळ चार वेळा गा. चौथ्यांदाही शब्द स्वच्छ निघाले ती तुमची पट्टी. मग चाल तिच्यात नुसती सरकवू नका, अंतरा नव्याने बांधा. सव्वा सप्तकात राहणारी चाल गीतकाराच्या गळ्याला शोभते, कारण लोक त्याच्याकडे शब्द ऐकायला येतात.

पट्टी बदलली की वाद्यंही हलतात. ढोलकीची शाईची बाजू सुरात लावलेली असते. काळी चारसाठी चढवलेली ढोलकी काळी एकपर्यंत उतरवली की पुडी सैल पडून आवाज मरतो. वादकाला पट्टी आदल्या दिवशी कळवा, तो त्या सुराची ढोलकी घेऊन येईल. हार्मोनियम ट्यूनरवर तपासा. जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. गिटार पेटीला जुळवता येते, पेटी गिटारला नाही.

मिश्र बाज: कुठून मिसळायचं

इथे तीन पद्धती दिसतात आणि त्यांची किंमत सारखी नाही.

सर्वांत सोपी म्हणजे कपडे बदलणं: भावगीताच्या चालीखाली इलेक्ट्रॉनिक बीट. एका गाण्यापुरतं छान वाटतं, चौथ्या गाण्याला युक्ती उघडी पडते. दुसरी, लय एकीकडची आणि सूर दुसरीकडचे: भजनी ठेका कायम, वर ब्लूजचे सूर. हे टिकतं, पण ठेका प्रत्यक्ष वाजवलेला असेल तरच. भजनी ठेक्याच्या ८ मात्रा कागदावर सरळ दिसतात. वाजवताना त्यांच्यात जो डोल असतो तो संगणकाच्या चौकटीत पूर्ण क्वांटाइझ केला, म्हणजे प्रत्येक ठोका यंत्राने काटेकोर जागी सरकवला, की ठेका सायकलच्या पंपासारखा वाजतो. आधी ढोलकी किंवा पखवाज घ्या. क्लिकऐवजी (मेट्रोनोमच्या टिकटिकीऐवजी) कानात साध्या कहरव्याचा लूप, म्हणजे सतत फिरणारा तुकडा, द्या, मग बास त्या वाजवलेल्या लयीला बसवा. क्वांटाइझ करावंच लागलं तर अर्ध्यावर थांबा.

तिसरी पद्धत गीतकाराचीच आहे, आणि पैज लावायची तर हिच्यावर: मिसळ छंदातून सुरू करायची. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. उदाहरणादाखल:

रिकामी ही बस / डेक्कनला आली / घंटाही वाजली / पुढे चला

चार मात्रांच्या बारमध्ये १६ बारीक घरं असतात. एका चरणाला ८ घरं दिली की सहा अक्षरांनंतर दोन घरं मोकळी राहतात, आणि शेवटच्या चारअक्षरी चरणानंतर चार. चारही चरण बरोबर दोन बारमध्ये बसतात. म्हणजे हिपहॉपच्या बीटवर अभंगाचा छंद काहीही न मोडता बसतो, आणि शेवटची ती चार मोकळी घरं, एक पूर्ण ठोका, हीच त्याची गंमत असते. प्रोग्रामर तिथे हमखास काहीतरी टाकतो, एखादा झांजेचा नाद नाही तर उलटा आवाज. काढायला लावा. मिनिटाला ८५ ते ९५ ठोक्यांच्या वेगात ही मोकळीक कानाला कळते. ११० च्या वर गेलात की कळत नाही आणि नुसती घाई ऐकू येते.

या पद्धतीचा व्यावहारिक फायदा असा, की वाद्यं बदलली तरी तुमची ओळख शब्दांच्या चालीत राहते. आज ढोलकी, उद्या सिंथ, परवा नुसती गिटार, तरी ऐकणारा पहिल्या दोन ओळींत ओळखतो. गळ्यावर पिच करेक्शन (सूर यंत्राने दुरुस्त करणं) लावायचं असेल तर त्या दुरुस्तीचा वेग मंद ठेवा, नाहीतर मींड पायऱ्यापायऱ्यांची होते. पाश्चात्त्य कानाच्या मिक्स इंजिनिअरला मींड चूकच वाटते, त्याला आधी सांगून ठेवा.

पुण्यात आधी रंगमंच की आधी ऑनलाइन?

या शहराला गीतकार-संगीतकार स्वतः गाताना ऐकायची सवय जुनी आहे. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायणाची ५६ गाणी प्रसारित झाली ती अनेक गायकांच्या आवाजात. पुढे सुधीर फडके ती सगळी एकटे रंगमंचावर गायले आणि लोकांच्या मनात तीच राहिली. २००३ मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी कवी आणि संगीतकार एवढ्या दोघांवर कार्यक्रम उभा केला. याउलट एनएच-७ वीकेंडर २०१० मध्ये याच शहरात सुरू झाला, बँडच्या श्रोत्यांसाठी. हे दोन वेगळे श्रोते आहेत आणि मिश्र बाजाचा गीतकार नेमका त्यांच्या मधोमध पडतो.

आमचा कल आधी छोट्या नाट्यगृहाकडे आहे. सुदर्शन रंगमंचासारख्या ठिकाणी श्रोता शब्दासाठी बसतो, खोकलासुद्धा अंतरा संपल्यावर काढतो, आणि मध्यंतरात चूकही दाखवतो. कोरेगाव पार्क-बाणेरच्या कॅफेत लोक जेवत असतात. तिथे लय चालते, शब्द नाही. नव्या गाण्यातली कुठली ओळ पोचत नाही हे पहिल्या प्रकारच्या ठिकाणीच कळतं. बालगंधर्वची जवळपास हजार आसनं पहिल्या वर्षी विसरा. शिवाय शनिवार-रविवारच्या तारखांसाठी तिथे नाटकवाले रांगेत असतात.

दीड तासाच्या कार्यक्रमाला १२ ते १४ गाणी पुरतात, बोलणं धरून. त्यांतली दोन-तीन तुमची गाजलेली, पण पहिलं आणि शेवटचं नवं. सुरुवात गाजलेल्याने केली की लोक मूळ गायकाशी तुलना करत बसतात. दोघांचा संच, म्हणजे तुम्ही आणि एक वादक, परवडतो आणि तालमीला लवकर जमतो. मिश्र बाज कळायला मात्र किमान चौघं लागतात. पहिले पाच कार्यक्रम दोघांत करून गाणी घट्ट करा, मग संच वाढवा. आयपीआरएसचे सभासद असाल तर तुमचीच गाणी गातानाही आयोजकाला त्यांचा परवाना घ्यावा लागतो, आणि गाण्यांची यादी दिली तर तुमचा वाटा तुमच्याकडे परत येतो. यादी देणं विसरू नका, सगळे विसरतात.

प्रकाशनाच्या आठवड्यात बिघडतं ते

नाव. श्रेयनामावलीत तुमचं नाव तीन स्पेलिंगांत फिरत असतं, आणि वितरकाने (गाणं ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीने) जुळवून घेतलं नाही तर गायक म्हणून नवं, रिकामं पान तयार होतं. एक स्पेलिंग पक्कं करा आणि जुन्या गाण्यांच्या पानाला जोडायला आधीच सांगा. लूप. दुकानातून घेतलेला तंबोऱ्याचा किंवा ताशाचा लूप हजार जणांकडे असतो. असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे सारखे आवाज शोधून हक्काचे दावे लावणाऱ्या यंत्रणेत, टाकलं की दुसऱ्यांच्या गाण्यांवर तुमचे दावे जातात, आणि तुमच्यावर त्यांचे. पाच मिनिटं खऱ्या तंबोऱ्याची स्वतः मुद्रित करून ठेवा, वर्षानुवर्षं पुरतात. आवाज. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाजाच्या मोठेपणाचं माप) समान करतं, त्यामुळे मास्टर दाबून मोठा करण्यात ढोलकीचा ठसका जातो आणि मिळत काही नाही.

कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे, पण शब्द किंवा चालीसाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये एवढंच शुल्क असल्यामुळे पहिल्या गाण्याची तरी करा. वादकांकडून मास्टरवरच्या हक्काचं एका पानाचं संमतिपत्र मानधन देतानाच सही करून घ्या; गाणं चालल्यावर मागितलं की मैत्री अवघडते.

उत्पन्नाबद्दल: स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० ऐकणी न झालेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. तिसऱ्या वाटेवर पहिलं दीड वर्ष लेखणीच्या कमाईवरच काढायचं आहे असं धरून चाला. तेवढी शिल्लक नसेल तर जोडवाट घ्या, आणि मास्टर तुमचे राहतील एवढं मात्र पहिल्या गाण्यापासून पाळा. मग वाट बदलणं कधीही शक्य आहे. हातात तीन वर्षांची कामं असलेल्या आणि व्यवस्थापनाचा कंटाळा असलेल्या माणसाला एका अल्बमपुरती कंपनी बरी. दुसऱ्या वहीत दहा गाणी जमली असतील, त्यांतली सहा छोट्या नाट्यगृहात टिकली असतील, तर स्वतःच निर्माता व्हा. फाइल वितरकाकडे प्रकाशनाच्या चार आठवडे आधी द्या. प्लेलिस्टसाठी संपादकांना गाणं सुचवायची मुदत प्रकाशनाच्या ७ दिवस आधी संपते, आणि एका वेळी एकच गाणं सुचवता येतं.